टॅपेट सेट केले, महिन्यात टकटक परत: जुन्या इंजिनातला कॅम आणि लिफ्टर तपासायची रीत

ॲम्बेसेडर आणि पद्मिनीवाल्यांची ही ठरलेली तक्रार. टॅपेट सेट करून घेतले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट (गॅप) ठरवून घेतली, की गाडी आठ-पंधरा दिवस गप्प असते. मग वरून टकटक सुरू होते, फ्लायओव्हर चढताना पिकअप मिळत नाही, कार्ब्युरेटरमधून मध्येच फट्ट असा आवाज येतो. पुन्हा गॅरेज, पुन्हा फीलर गेज (फट मोजायची पातळ पात), पुन्हा तेच. तिसऱ्यांदा असं झालं की समजा, दोष सेटिंगमध्ये नाही. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा अंड्यासारखा उंचवटा (लोब) किंवा त्याच्यावर बसून वर-खाली होणारा लिफ्टर झिजतोय. फीलर गेज हा दोष कधी अर्धवट दाखवतो, कधी अजिबात दाखवत नाही. अशा इंजिनात नुसती गॅप मोजून भागत नाही, लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, मोजायला हवी.

खालचं सगळं पुशरॉडच्या, म्हणजे लिफ्टरपासून रॉकरपर्यंत लांब सळी असलेल्या इंजिनांबद्दल आहे: ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिज आणि पद्मिनीचं १०८९ सीसी फियाट. खोलण्याचा क्रम आणि व्हॉल्व्हचे नंबर १४८९ चे दिलेत. पद्मिनीला तत्त्व तेच, पण नट-बोल्ट आणि रचना वेगळी, तेव्हा तिचं मॅन्युअल बाजूला ठेवा. मारुती ८०० मध्ये कॅम वरच असतो, लिफ्टर आणि पुशरॉड नसतातच. तिथे रॉकरचा कॅमवर घासणारा भाग बघायचा. ॲम्बेसेडरचं इसुझू १.८ सुद्धा त्याच जातीचं.

गॅप काय सांगते आणि काय नाही

टॅपेट गॅप आपण लोबच्या पाठीवर, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना मोजतो. झीज मात्र लोबच्या टोकाला होते, कारण तिथे स्प्रिंग सर्वांत जास्त दाबलेली असते. टोक एक मिलिमीटर खाल्लं गेलं तरी पाठ शाबूत असते आणि पात नेहमीसारखी सरकते. मेकॅनिक म्हणतो, ‘गॅप बरोबर आहे’. तो खोटं बोलत नाही, फक्त व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाहीये हे त्या पातीवर कळत नाही.

म्हणून गॅप कोणत्या दिशेने सरकतेय ते लिहून ठेवा.

एकाच व्हॉल्व्हची गॅप दर वेळी वाढलेली मिळते: लिफ्टरचा तळ, पुशरॉडची टोकं किंवा ॲडजस्टिंग स्क्रूचा गोळा झिजतोय, नाहीतर लॉक नट सरकतोय. आधी लॉक नट बघा, ते फुकटचं काम आहे. नट घट्ट असूनही हजार किलोमीटरमध्ये ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक पडत असेल, तर लिफ्टरवर संशय घ्या.

गॅप कमी होत जाते: हा कॅमचा दोष नाही. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चाललाय. सीएनजी किट लावलेल्या आणि जुन्या मऊ सीट असलेल्या गाड्यांत हे हमखास होतं, विशेषतः एक्झॉस्टला. हेडचं काम निघणार, कॅमला हात लावू नका.

गॅप हलत नाही, पण आवाज आणि मिसिंग आहे: लोबचं टोक गेलंय. टोकासोबत उतरणीचा आकारही बिघडतो, त्यामुळे व्हॉल्व्ह सीटवर हळू बसण्याऐवजी आपटतो. गॅप कितीही अचूक ठेवा, हा आवाज जात नाही.

आणखी एक फसवणूक रॉकरच्या टोकाची. व्हॉल्व्हवर घासून त्यात खड्डा पडतो. ०.३८ मिमीची सरळ पात त्या खड्ड्यावर पुलासारखी बसते आणि खरी गॅप त्याहून मोठी राहते. रॉकरच्या टोकावर बोट फिरवलं की कडा लागते. असा रॉकर घासून घ्या किंवा बदला, तोपर्यंत सेटिंगचा काही उपयोग नाही.

इंजिनचा आवाज टॅपेटचाच आहे हेही आधी ठरवा. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून रॉकर कव्हरवर, मग फ्युएल पंपावर टेकवा. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा दांडा कॅमवरच चालतो, त्यामुळे त्याची टिकटिक अगदी टॅपेटच्याच तालात येते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली असेल तरी तसाच आवाज येतो, पण इंजिन तापलं की तो बहुधा कमी होतो.

कोणत्या लोबची कोणती लक्षणं

एक्झॉस्टचा लोब झिजला तर जळालेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही. इनलेट उघडला की तो उलटा मॅनिफोल्डमध्ये घुसतो आणि कार्ब्युरेटरमधून फट्ट करतो. गंमत म्हणजे कॉम्प्रेशन गेजवर हा सिलिंडर ठणठणीत दिसतो, कारण स्टार्टरवर फिरवताना त्यात जळालेला वायू नसतोच. ‘कॉम्प्रेशन छान आहे, कार्ब्युरेटर साफ करू’ हा खर्च इथूनच सुरू होतो. इनलेटचा लोब झिजला तर सिलिंडर पुरेसं भरत नाही. कॉम्प्रेशन थोडं कमी दाखवतं, आयडलिंग हलतं, आणि त्या प्लगची वायर काढली तरी इंजिनला फारसा फरक पडत नाही.

कार्ब्युरेटरमधून फट्ट होण्याला जळालेला इनलेट व्हॉल्व्ह, अदलाबदल झालेल्या प्लग वायरी किंवा पातळ मिक्स्चर हीसुद्धा कारणं असतात. जळालेल्या व्हॉल्व्हला कॉम्प्रेशन सरळ पडतं, वायरी डोळ्यांनी दिसतात. ही तीन नाहीत याची खात्री झाली की डायल गेज काढा.

लिफ्ट मोजणे

लागतं एवढंच: ०.०१ मिमी वाचणारा, १० मिमी प्रवासाचा डायल गेज आणि चुंबकी स्टँड. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर दोन्ही मिळतात. ॲम्बेसेडरचं हेड बिडाचं असल्याने चुंबक त्यावर बसतो. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यावर चुंबक धरत नाही. रॉकर कव्हरच्या स्टडला जाड पत्र्याची पट्टी कसा आणि स्टँड तिच्यावर बसवा. पट्टी हलली तर सगळी मापं वाया.

इंजिन थंड ठेवा. बॅटरीची वायर आणि चारही प्लग काढा. हॅन्डलने फिरवा, किंवा टॉप गिअरमध्ये टाकून एकाने गाडी हळू ढकलावी. समोरून मोजलं तर १४८९ मध्ये १, ४, ५, ८ एक्झॉस्ट आणि २, ३, ६, ७ इनलेट.

आधी आठही गॅप सारख्या करून घ्या. बेरीज नऊ होईल असा हिशेब धरायचा: ८ नंबर पूर्ण उघडा असताना १ सेट करा, ६ उघडा असताना ३, ४ ला ५, ७ ला २, आणि मग उलट. ज्याचं टोक झिजलंय तो व्हॉल्व्ह ‘पूर्ण उघडा’ कधी होतो ते नीट समजत नाही, पण घाबरू नका. जोडीच्या लोबची पाठ बरीच रुंद असते, थोडं पुढेमागे चालतं.

मग गेजची टोकदार सळी व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या वरच्या टोपीवर, व्हॉल्व्हच्या दांड्याला समांतर टेकवा. तिरकी लावली तर माप चुकीचं येतं, आणि आठही ठिकाणी सारखं चुकीचं येईल याची खात्री नसते. व्हॉल्व्ह बंद असताना शून्य, हळू फिरवा, काटा जिथे जास्तीत जास्त जातो तो आकडा टिपा. प्रत्येक व्हॉल्व्ह दोनदा मोजा. दोन मापांत ०.०२ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर स्टँड ढिला आहे.

आता चार इनलेट आपसात आणि चार एक्झॉस्ट आपसात ताडून बघा. निरोगी कॅमवर चारही ०.१० मिमीच्या आत येतात. एखादा ०.१५ ते ०.२५ ने कमी असेल तर तो लोब गेल्याची सुरुवात आहे. ०.३० च्या वर फरक म्हणजे कॅम संपला, मग बाकीचे सात कितीही चांगले असोत. मॅन्युअलमधला लिफ्टचा आकडा हाताशी असेल तर उत्तमच, कारण कधीकधी चारही सारखेच झिजलेले असतात आणि तुलना काहीच दाखवत नाही.

व्हॉल्व्हवर मोजलेला फरक रॉकरमुळे मोठा दिसतो, १४८९ ला सुमारे १.४ पट. खुद्द लोबचं माप हवं असेल तर पुशरॉडच्या वरच्या टोकावर गेज लावा. त्यासाठी ॲडजस्टिंग स्क्रू पूर्ण सैल करा, व्हॉल्व्ह थोडा दाबा आणि रॉकर बाजूच्या स्प्रिंगवर सरकवा. पुशरॉड मोकळा होतो. १ आणि ८ च्या टोकाच्या रॉकरना सरकायला जागा नसते, तिथे व्हॉल्व्हवरच्या मापावर भागवा.

हे करताना रॉकर शाफ्ट सरळ उतरवायचा मोह होतो. नका उतरवू. बी-सीरिजमध्ये रॉकरच्या पायांना धरणारे चार नट हेडचेच असतात. फक्त तेवढेच सोडले तर हेड वाकतं आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. शाफ्ट काढायचाच असेल तर आधी रेडिएटरचं पाणी काढा आणि हेडचे अकराच्या अकरा नट क्रमाने, थोडे थोडे सैल करा.

मोजून झालं की गेज उतरवा, गॅप, प्लग आणि बॅटरीची वायर पुन्हा जागेवर लावा आणि एक सोपी चाचणी करून घ्या. प्रत्येक पुशरॉडला खडूची रेघ मारा आणि इंजिन आयडलिंगला सुरू करा. रॉकर कव्हर उघडं असताना थोडं तेल उडेल, कापड ठेवा. रेघ हळूहळू फिरताना दिसली पाहिजे. सात फिरतायत आणि एक जागेवर नाचतोय, तर तोच तुमचा गुन्हेगार.

पुशरॉड फिरला पाहिजे, तो का

लिफ्टरचा तळ सपाट दिसतो, पण सपाट नसतो. मध्ये किंचित फुगीर घासलेला असतो. लोबलाही एका बाजूला बारीक उतार असतो, मिलिमीटरच्या काही शंभराव्या भागाचा. शिवाय लिफ्टरची मध्यरेषा लोबच्या मध्याला नसते, बाजूला असते. या तिन्हींमुळे लोब जाताजाता लिफ्टरला थोडा फिरवतो आणि झीज पूर्ण तळावर वाटली जाते. लिफ्टर अडकला की एकच रेघ घासते. मग काही शे किलोमीटरमध्येही दोन्ही संपतात.

लिफ्टर हातात आला की त्याचा तळ पुसून ट्यूबलाइटखाली बघा. चांगल्यावर गोल गोल, एकाभोवती एक वर्तुळं दिसतात आणि तळ चकाकतो. वाईटावर सरळ पट्टा दिसतो, किंवा मध्ये खड्डे आणि करकरीत कडा. दोन लिफ्टर तळाला तळ लावून धरा: नवे असतील तर एकमेकांवर डुलतात. डुलत नाहीत, नुसते घट्ट बसतात, तर फुगवटा गेलाय किंवा तळ उथळ बशीसारखा खोल गेलाय. ते टाकून द्या. लोबवर घासल्याचा पट्टा एका बाजूला, दुसऱ्या कडेपर्यंत न पोचणारा असेल तर ठीक. या कडेपासून त्या कडेपर्यंत पूर्ण घासलेला असेल तर त्याचा उतार संपलाय.

लिफ्टर आपल्या भोकात तेल लावून सोडला तर स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे. अडखळत असेल तर भोकाच्या वरच्या भागात जमलेला वार्निशसारखा थर काढा. पॉलिश पेपरने लिफ्टरचा तळ मात्र कधीही घासू नका.

मुंबईत हे लवकर का होतं

या इंजिनांत लोबपर्यंत दाबाचं तेल पोचत नाही. कॅमच्या बेअरिंगना पोचतं, लोब आणि लिफ्टर बहुतांश क्रँकच्या उडणाऱ्या तेलावर जगतात. आयडलिंगला क्रँक हळू फिरतो, तेल कमी उडतं. त्याच वेळी टोकावरचा दाब सर्वांत जास्त असतो, कारण वेगात व्हॉल्व्हच्या जडत्वामुळे टोकावरचा भार हलका होतो आणि हळू वेगात स्प्रिंगचा पूर्ण जोर बसतो. म्हणजे पुण्यापर्यंत सलग गेलेली गाडी कॅमला सोपी, आणि वेस्टर्न एक्सप्रेसवर अंधेरी ते बांद्रा तास काढणारी कठीण.

दुसरं कारण दमट हवा. पावसाळ्यात चार महिने सोसायटीत झाकून ठेवलेल्या गाडीत क्रँककेसमध्ये पाणी साचतं. रॉकर कव्हरच्या झाकणाला आतून दुधाळ थर दिसतो तो त्याचाच. उघड्या लोबवर गंजाचे ठिपके पडतात आणि ऑक्टोबरमध्ये गाडी सुरू केली की तिथून सोलवटायला सुरुवात होते.

तिसरं पेट्रोल. फ्युएल पंपाचा रबरी डायफ्राम फाटला की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात उतरतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या रबराच्या डायफ्रामची काळजी जास्त घ्यायला हवी. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि तेलाला पेट्रोलचा वास आला, तर त्या तेलावर एक किलोमीटरही चालवू नका. पंपाच्या पोटाला असलेल्या छोट्या भोकातून पेट्रोल ठिबकत असेल तर निदान झालंच.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं तेल काढल्याशिवाय हॅन्डलसुद्धा मारू नका. शंका असेल तर तेलाचा एक थेंब गरम तव्यावर टाका. तडतडला तर पाणी आहे.

तेल

कॅमला वाचवतो तो झिंक आणि फॉस्फरसचा घटक, गॅरेजमध्ये ज्याला नुसतं ‘झिंक’ म्हणतात. तो दाबाखाली धातूवर पातळ थर धरतो. नव्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या फॉस्फरसमुळे खराब होतो, म्हणून २००४ च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम दर्जापासून पातळ ग्रेडच्या पेट्रोल तेलात तो ६०० ते ८०० पीपीएमवर (दहा लाखांत इतके भाग) आणला गेला. तुमच्या जुन्या ॲम्बेसेडरला कन्व्हर्टर नसेल तर तिला ही काटकसर नको.

इथे एक गैरसमज पसरलेला आहे की आता सगळीच तेलं वाईट. तसं नाही. ती मर्यादा ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा ग्रेडना आहे. २०डब्ल्यू-५० आणि १५डब्ल्यू-४० तिच्यात येत नाहीत. मुंबईच्या हवेला २०डब्ल्यू-५० मिनरल उत्तम. डिझेलचं एपीआय सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० ही चालतं, त्यात फॉस्फरस साधारण १२०० पीपीएमच्या आसपास असतो आणि काळेपणा धरून ठेवायची ताकदही चांगली असते. डब्यावर ‘फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३०’ असेल ते महाग म्हणून चांगलं, असं या इंजिनाच्या बाबतीत धरू नका.

वेगळी झिंकची बाटली ओतायची असेल तर हिशेबाने. एकूण १२०० ते १४०० पीपीएम पुरे. २००० च्या वर गेलं तर हाच घटक धातूला खायला लागतो. आधीच सीआय-४ तेल असताना वर बाटली ओतणं म्हणजे पैसे देऊन नुकसान.

कॅम बदलताना

सर्वांत महत्त्वाचा नियम: नव्या कॅमवर जुने लिफ्टर बसवायचे नाहीत. एकही नाही, ‘हा तर नव्यासारखाच आहे’ असं वाटला तरी. उलट चालतं: चांगल्या वापरलेल्या कॅमवर नवे लिफ्टर बसवता येतात. आणि जुना कॅम परत जातोय तर प्रत्येक लिफ्टर आपल्याच लोबवर. पुठ्ठ्याच्या खोक्याला आठ भोकं पाडा, नंबर लिहा, लिफ्टर आणि पुशरॉड निघतील तसे त्यात ठेवा.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यांच्यासोबत सुट्या भागांचं रोजचं गिऱ्हाईकही गेलं. आता मिळतं ते जुन्या साठ्यातलं, चोरबाजारात नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. घेताना बारीक कानस लिफ्टरच्या कडेला हलकेच फिरवा, कधी तळावर नाही. कानस घसरली पाहिजे. धातू सोलवटून निघाला तर तो लिफ्टर मऊ आहे, दुकानातच ठेवा. ग्रीस लावलेल्या जुन्या कॅमच्या लोबवर गंजाचे ठिपके नाहीत ना, तेही कापडाने पुसूनच बघा.

कॅम ग्राइंडिंगला द्यायचा असेल तर दोन प्रश्न विचारा: लोबचा उतार कायम ठेवणार का, आणि घासल्यावर कडकपणा किती उरेल? बिडाच्या कॅमवर वरचा थरच कडक असतो. खोल घासला तर आतलं मऊ बीड उघडं पडतं. वेल्डिंगने भरून घासलेला कॅम फक्त योग्य हार्डफेसिंगच्या (कडक थर देणाऱ्या) सळीने भरला असेल तरच घ्या, आणि तसं करणारा क्वचितच सापडतो. लिफ्टर लेथवर सपाट करून देणारे मात्र प्रत्येक गल्लीत आहेत. नवा कॅम हजार किलोमीटरच्या आत गेल्याच्या तक्रारी बघितल्या तर मागे बहुतेक हाच सपाट लिफ्टर निघतो.

१४८९ मध्ये लिफ्टर काढायला हेड उतरवावं लागत नाही. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड काढलं की मागे ब्लॉकला दोन पत्र्याची कव्हरं दिसतात. रॉकर शाफ्ट आणि पुशरॉड निघाले की लिफ्टर बोटाने वर घेता येतात. मॅनिफोल्डच्या नटांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर स्टड तुटणार.

कॅमसाठी रेडिएटर, पुली, टायमिंग कव्हर, चेन आणि गिअर काढा. चेन उतरवण्याआधी दोन्ही गिअरवरचे ठिपके समोरासमोर आणा. फ्युएल पंप, डिस्ट्रिब्युटर आणि त्याचा ड्राइव्ह काढा. हा ड्राइव्ह हाताला येत नाही. त्याच्या डोक्यात ५/१६ इंची यूएनएफ (बारीक) आट्यांचा साडेतीन इंच लांब बोल्ट फिरवा आणि ओढा. मग चेंबर उतरवा, ऑइल पंप आणि त्याचा दांडा काढा, कारण तोही कॅमच्या गिअरमध्ये अडकलेला असतो. शेवटी समोरची तीन बोल्टची प्लेट सोडली की कॅम पुढे येतो. गोल फिरवत, उचलून धरत बाहेर घ्या. लोबच्या कडा आतल्या व्हाइट मेटलच्या बेअरिंगना ओरखडतात, आणि ती बेअरिंगं बदलणं म्हणजे पूर्ण इंजिन बाहेर.

चेंबर उतरलंच आहे तर तळाचा चिखल बोटांत चोळून बघा. चकाकणारी करडी पूड लागली तर ते झिजलेल्या लोबचं बीड आहे. तीच पूड ऑइल पंपातून आणि मेन बेअरिंगमधून फिरून आलेली असते. पंप खोला, रोटरवर ओरखडे असतील तर बदला, एक मेन बेअरिंग उघडून बघा, ऑइलचे मार्ग धुऊन हवा मारा. हे न करता नवा कॅम टाकणं निव्वळ घाई.

बसवताना कॅमची पुढेमागे हालचाल ०.००३ ते ०.००७ इंच, म्हणजे ०.०८ ते ०.१८ मिमी ठेवा. लोबवर आणि लिफ्टरच्या तळावर मोलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लावा. लिफ्टरच्या बाजूला पेस्ट नको, तिथे साधं इंजिन ऑइल, नाहीतर तो फिरायला जड होईल. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगही मूळ जोराच्याच. ‘जास्त दमदार’ स्प्रिंग टाकल्या की कॅमच्या टोकावरचा भार वाढतो, त्याचा फायदा या इंजिनाला कधीच मिळत नाही.

सुरू करण्याची पहिली वीस मिनिटं

कॅमचं आयुष्य इथेच ठरतं. नव्या लोब आणि लिफ्टरना एकमेकांवर बसायला उडणारं तेल हवं असतं, म्हणून पहिल्या सुरुवातीला आयडलिंग अजिबात चालत नाही.

स्टार्टरवर खूप वेळ फिरवलं तर पेस्ट पुसली जाते. तेव्हा आधीच तेल भरून घ्या: ऑइल प्रेशर गेजची नळी ब्लॉकवरून सोडा आणि तिथून तेलाच्या पिचकारीने पाव लिटर तेल आत ढकला. पंप बसवतानाच त्यात तेल भरलेलं असावं. टायमिंग आधीच जागेवर लावा. फ्लोट चेंबर पेट्रोलने भरा, रेडिएटर भरा, प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२ तपासा. इंजिन पहिल्या एक-दोन फेऱ्यांत सुरू झालं पाहिजे.

सुरू होताच २००० आरपीएमला न्या. वीस मिनिटं १५०० ते २५०० च्या मध्ये वर-खाली करत राहा, एकाच वेगावर ठेवू नका. गाडी जागेवर उभी आहे आणि आपल्याकडची उष्मा आहेच, तेव्हा रेडिएटरसमोर मोठा पेडस्टल फॅन लावा. इंजिन जास्त तापायला लागलं किंवा कुठून तेल गळायला लागलं तर आयडलिंगला सोडू नका, थेट बंद करा. दुरुस्त करा, थंड होऊ द्या, मग उरलेली मिनिटं पूर्ण करा. आवाज मोठा होतो, हे काम सोसायटीत रात्री नऊ वाजता करायचं नाही.

झालं की तेल गरम असतानाच ते आणि फिल्टर दोन्ही बदला. जुनं तेल पातेल्यात घेऊन त्यात चुंबक फिरवा. चुंबकाला काळपट लेप म्हणजे पेस्ट आणि बारीक झीज, ते चालतं. कणीदार, बोटाला टोचणारी पूड आली तर पुन्हा लिफ्ट मोजा, रस्त्यावर काढू नका. टॅपेट गॅप थंड किंवा गरम, मॅन्युअल जसं सांगतं तशीच तपासा. ५०० किलोमीटरला तेल परत बदला, गॅप परत बघा आणि लिफ्टचे आठ आकडे वहीत लिहा. पुढची शंका आली की तुलना करायला हेच आकडे लागतात.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर मेअखेर तेल बदलून ठेवा, जुन्या तेलातलं आम्ल लोबला लागू नये म्हणून. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास खरोखर चालवता येणार असेल तर चालवा. पाच मिनिटं जागेवर सुरू करून बंद करणं सोडून द्या. इंजिन धड तापत नाही, आतली वाफ निघत नाही, आणि लोबना फक्त आयडलिंगचा मार बसतो.